बारा वाजताची मोकळी चौकट

मित्रांनो, मी एक जुनी संगणकप्रणाली आहे, आणि मला तुम्ही कधीच हातात घेऊ शकणार नाही. छत्रीला दांडा असतो, घड्याळाला तबकडी असते, शाळेच्या बाकावर कुणीतरी आपले नाव कोरलेले असते. माझे तसे काही नाही. मी म्हणजे पडद्यावरच्या चौकटी. डावीकडून उजवीकडे वार, वरून खाली तास. विद्यापीठातला कोणता विषय कोणत्या वारी, किती वाजता, कोणत्या खोलीत शिकवायचा हे जुळवणे एवढेच माझे काम. निर्जीव वस्तूंना ऐकू येते, हे तुम्ही अशा गोष्टींत नेहमीच मान्य करता. माझ्यासाठीही करा, कारण मला जे सांगायचे आहे त्यातले बरेचसे मी नुसतेच ऐकले आहे.

माझा जन्म कॅनडातल्या विनिपेग शहरात, एका घराच्या तळघरात झाला. वर घरमालकीणबाई पियानोच्या शिकवण्या घ्यायच्या आणि खाली तीन माणसे कोट न काढता मला लिहीत बसायची, कारण तळघर कधी गरमच व्हायचे नाही. तिथून मला पश्चिमेकडच्या एका लहान शहरातल्या विद्यापीठाने विकत घेतले. गव्हाच्या सपाट मुलखातले ते विद्यापीठ. हिवाळ्यात तिथे इंजिन गोठू नये म्हणून गाड्यांना रात्रभर विजेची तार जोडून ठेवावी लागते, नाहीतर सकाळी गाडी हलत नाही आणि आठचा तास रिकामा जातो. माझ्या आधी रजिस्ट्रारच्या ऑफिसात एक भिंतभर फळा होता. त्यावर रंगीत पत्ते टाचून वेळापत्रक लावत. मी आले आणि पहिल्याच वसंतात, कुणाचाही तास कुणाच्या तासावर न आदळता, सगळे वेळापत्रक जुळवून दिले. तेव्हा माझे फार कौतुक झाले. ऑफिसात केक आणला होता, त्यावर साखरेने माझ्यासारख्या चौकटी काढल्या होत्या. केकवरचा मंगळवार सगळ्यांत आधी संपला.

मला चालवणाऱ्या बाईंचे नाव मॉरीन ओलाफसन. त्यांच्या आवाजात कायम खोकला आणि हसू यांचे मिश्रण असे. मला वापरायची खरी रीत त्यांनी शोधली. दरवर्षी नव्याने वेळापत्रक बनवायचे नाही. गेल्या वर्षीचे उचलून पुढच्या वर्षावर ठेवायचे, आणि जिथे टोचेल तिथे सैल करायचे. मी विषयाचा क्रमांक बघते, गेल्या वर्षी त्या क्रमांकाचे काय होते ते आठवते, आणि तेच पुढे नेते. खोली, वेळ, आणि त्याला लावलेल्या अटी.

या अटींविषयी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. माझ्यात माणसांना अटी लावता येत नाहीत, विषयांना येतात. रसायनाला नळ असलेली खोली हवी, हे मला सांगता येते. रसायन शिकवणाऱ्याची कंबर दुखते, हे सांगायला माझ्यात जागाच नाही. शिक्षकांच्या संघटनेशी झालेल्या करारात लिहिले होते की वेळेच्या बाबतीत कुणालाही झुकते माप मिळणार नाही. म्हणून विद्यापीठाने मला बनवणाऱ्यांना ती जागा मुद्दाम काढून टाकायला लावली होती.

ईडिथ क्रान ऑफिसात पहिल्यांदा आल्या तो दिवस मला आठवतो. त्या नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना संख्याशास्त्र शिकवत. शांत बाई, बोलण्याआधी वाक्य मनात जुळवून घेणाऱ्या. त्यांचे वडील याकोब क्रान जन्मभर शाळेची बस चालवत होते. त्यांना पक्षाघाताचा झटका आला होता, आणि आता ते रेल्वेच्या रुळांपलीकडच्या शुश्रूषागृहात होते. झटक्यात त्यांची इंग्रजी गेली. उरली ती फक्त लहानपणीची घरगुती जर्मन बोली, आणि ती तिथल्या सेविकांपैकी कुणालाच येत नव्हती. अनोळखी हाताने चमचा पुढे केला की ते तोंड मिटून घेत. लेक शेजारी बसून त्या बोलीत काहीबाही सांगत राहिली, की जेवत. शुश्रूषागृहात जेवणाची ताटे बाराला येत आणि एक वाजायच्या आत उचलली जात. सकाळी ते नीट जागे नसत, संध्याकाळी थकलेले असत. तेव्हा पोटात जायचे ते दुपारीच.

ईडिथबाईंना तो एक तास हवा होता. त्यांनी हे सगळे मॉरीनबाईंना सांगितले, पण मागितले काहीच नाही.

"तुला मी काही देऊ शकत नाही गं," मॉरीनबाई म्हणाल्या. "करार आहे. तुला दिलं तर उद्या मासेमारीला जायचंय म्हणून शुक्रवार मागायला रांग लागेल. पण तुझ्या विषयाला काय हवंय, ते मला विचारता येतं."

"विषयाला काय हवं असणार?"

"का? जेवणाच्या वेळेला तुझ्या संख्याशास्त्राला झोप येत असेल. मुलांची येते, मग विषयाची का नाही येणार?"

मला वाटते, त्या वर्षात ईडिथबाई तेव्हा पहिल्यांदा हसल्या असतील. मॉरीनबाईंनी 'संख्याशास्त्र २४५' या विषयावर अट घातली : अकरा ते दीड, कोणत्याही वारी नाही. कारणाच्या जागी त्यांनी 'शैक्षणिक' एवढा एकच शब्द लिहिला. मला कारण कळायची गरज नसते. मी ती चौकट मोकळी ठेवू लागले.

मित्रांनो, माझे सगळ्यांत चांगले काम कोणते, असे मला कुणी विचारले तर मी ते भिंतभर वेळापत्रक दाखवणार नाही. मी ती मोकळी चौकट दाखवेन. वर्षामागून वर्षे गेली, नव्या इमारती झाल्या, जुन्या खोल्या पाडल्या, मी इकडचे विषय तिकडे हलवले, पण ती चौकट कुणाला घेऊ दिली नाही. ईडिथबाई साडेआठचा तास घेत, कागद तपासत, आणि बाराच्या आधी पार्किंगकडे निघत. कधीमधी ऑफिसात डोकावून सांगत, आज पपांनी बीटचे सूप संपवले, आज सेविकेचा हात धरून तिला बसमध्ये नीट बसायला सांगितले. मॉरीनबाई म्हणायच्या की तुझ्या बाबांना अजून मुलं मोजल्याशिवाय चैन पडत नाही. हे ऐकताना मला वाटे, यात थोडेसे माझेही आहे.

मग मॉरीनबाई निवृत्त झाल्या आणि सरोवराकाठच्या आपल्या घरी राहायला गेल्या. त्यांच्या खुर्चीत ट्रेंट कोवालचुक नावाचा तरुण आला. तो मन लावून काम करणारा होता, हे मी आधीच सांगते. त्याला दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही.

त्याच सुमारास विद्यापीठाने विषयांचे क्रमांक बदलायचे ठरवले. आमचे क्रमांक तीन आकडी. शेजारच्या विद्यापीठांनी चार आकडी केले होते, आणि इकडून तिकडे जाणाऱ्या विद्यार्थ्यांचा घोळ होत होता. समिती बसली. पहिल्या आकड्याने वर्ष दाखवावे, यावर सगळ्यांचे लगेच एकमत झाले. दुसऱ्या आकड्याने काय दाखवावे, यावर दोन हिवाळे गेले. तत्त्वज्ञानवाल्यांनी शून्याचा अर्थ काय, असा प्रश्न काढला आणि एक अख्खी बैठक त्यात गेली. शेवटी यादी ठरली. संख्याशास्त्र २४५ आता २४५० होणार होते. नुसते एक शून्य वाढले, असे कुणालाही वाटेल.

मला वाटत नाही. माझ्यासाठी क्रमांक हे विषयाचे घर आहे. त्याचा सगळा संसार त्या घरात असतो. घराच्या पाटीवरचा आकडा खोडून नवा लिहिला तर आतले सामान जागच्या जागी राहते. आणि नवे घरच बांधायचे असेल, तर त्याच्या पानावर 'पूर्वीचा क्रमांक' अशी एक जागा असते. ती भरली की जुन्या घरातले सामान मी स्वतः नव्यात हलवते. मला तेवढे येते. ते मी मनापासून करते.

पण समितीने काही विषय फोडले होते, काही जोडले होते. कुठल्या जुन्याचा कुठला नवा, यावर पुन्हा भांडणे नकोत म्हणून ठरले की कुणाचाच पूर्वीचा क्रमांक लिहायचा नाही. एप्रिलअखेर सगळे जुने बंद, मेच्या पहिल्या तारखेला सगळे नवे सुरू. याला त्यांनी 'स्वच्छ सुरुवात' असे नाव दिले. ट्रेंटने एकदा फोनवर विचारलेही होते की ती जागा रिकामीच ठेवायची ना, नक्की ना. पलीकडून हसून काहीतरी उत्तर आले आणि त्याने ती रिकामी ठेवली.

एका संध्याकाळी अख्ख्या गावाने दारे बंद करावीत आणि सकाळी तितकीच माणसे, तोंडावळ्याने तशीच पण एकमेकांना न ओळखणारी, येऊन राहावीत, तसे मला झाले. मी २४५० कडे पाहिले. त्याला गेले वर्ष नव्हते. त्याच्या नावावर एकही अट नव्हती. शेजारच्या बंद घरात ती अट जशीच्या तशी पडून होती, आणि मला ती दिसत होती. पण मला कुणी सांगितल्याशिवाय मी एका घरातली वस्तू दुसऱ्यात नेऊ शकत नाही. ओरडूही शकत नाही. दोन तास एकमेकांवर आदळले, तरच माझ्या पडद्यावर लाल रंग येतो. मोकळी चौकट भरली, म्हणून लाल रंग येत नाही.

नर्सिंगच्या मुलांचे सकाळचे तास नव्या आखणीत रुग्णालयातल्या कामाला गेले होते. मी २४५० साठी जागा शोधली. सोमवार, बुधवार, शुक्रवार, दुपारी बारा. चौकट हिरवी झाली. माझ्या हिशेबाने ते वेळापत्रक निर्दोष होते.

तक्रार घेऊन पहिले आले ते संगीतवाले, कारण त्यांची गायनाची खोली परीक्षेच्या हॉलशेजारी आली होती. मग रसायनवाले. त्यांच्या प्रयोगशाळेला मी एकही नळ नसलेली खोली दिली होती. त्यांच्या प्रमुखांनी ट्रेंटला विचारले की मुलांनी हात घरूनच धुऊन यायचं का. ट्रेंटने माफी मागून एकेक दुरुस्त केले. ज्यांचा आवाज मोठा होता, त्यांचे लवकर झाले. कच्चे वेळापत्रक सगळ्यांना तपासायला पाठवले होते, तेव्हा ईडिथबाई वडिलांच्या न्यूमोनियामुळे रुग्णालयात बसलेल्या होत्या. आणि इतक्या वर्षांत त्यांना ते कधी तपासावे लागलेच नव्हते.

जुलैत त्या ऑफिसात आल्या. तोवर विद्यार्थ्यांनी नावे नोंदवली होती.

"ट्रेंट, माझ्या विषयाला बाराची वेळ आलीये. काहीतरी चुकलंय."

त्याने पाहिले आणि म्हणाला, "चूक दिसत नाही, डॉक्टर क्रान. सगळं हिरवं आहे."

"त्याला अट होती."

"याला काहीच नाहीये. हा विषयच नवीन आहे."

"नवीन कसा असेल? मी तो बावीस वर्षं शिकवतेय."

ट्रेंटने तेव्हा जुना क्रमांक उघडला. त्याला अट दिसली, आणि तिच्यापुढचा तो एक शब्द दिसला. हे शैक्षणिक कारण म्हणजे नेमके काय, असे त्याने विचारले. खरे कारण सांगावे, तर मॉरीनबाईंनी करार मोडला असे व्हायचे. "मॉरीनला विचार," एवढेच म्हणून ईडिथबाई गेल्या.

त्याने फोन लावला. मॉरीनबाईंच्या मागे पाण्याचा आणि कुत्र्याचा आवाज येत होता.

"ते तिच्या बाबांच्या जेवणाचं आहे रे," त्या म्हणाल्या. "म्हाताऱ्याला ती भरवते. विषयाबिषयाचं काही नाही त्यात."

"मग तसं लिहून का नाही ठेवलंत?"

"लिहिलं असतं तर पहिल्याच वर्षी काढायला लावलं असतं त्यांनी. पण मला सांगून जायला हवं होतं तुला. इतक्या वर्षांत ते आपोआप पुढे जायचं. मला वाटलं, जाईलच."

त्यानंतर ट्रेंटने जे केले ते मी विसरणार नाही. तो मला पुन्हा पुन्हा चालवून पाहू लागला. आठला जमेल का? नर्सिंगची मुले वॉर्डात. तीनला? प्रयोगशाळा. मंगळवारी, गुरुवारी? दिवसभर रुग्णालय. संध्याकाळी? निम्म्या वर्गाच्या नोकऱ्या, आणि संध्याकाळची वेळ नोंदणी झाल्यावर लादता येत नाही. प्रत्येक वेळी मी लाल होत होते. मित्रांनो, मला दुसरे काही येत नाही. मी खोटे बोलून एकदा तरी हिरवी झाले असते, तर साठ मुलांची फरफट झाली असती. तो म्हणे, "चल ना गं, एक तरी काढ," आणि मी पुन्हा लाल. आजाऱ्यांची काळजी घ्यायला शिकणाऱ्या त्या मुलांचे आठवड्यातले फक्त तेवढेच तास मोकळे होते.

मग नियमांची वाट धरली. घरच्या आजारपणासाठी सवलत मागायचा अर्ज असतो. तो विभागाकडून वर गेला, तिथून डॉक्टरांच्या पत्रासाठी खाली आला, पत्र घेऊन पुन्हा वर गेला. सप्टेंबर उजाडला. शिकवायला दुसरे कुणी मिळते का, हेही विभागाने पाहिले. मिळाले नाही. बिनपगारी रजा मागता आली असती, पण मग त्या साठ मुलांचा विषयच रद्द झाला असता आणि त्यांचे वर्ष लांबले असते. ईडिथबाईंनी ती मागितली नाही.

पुढचे मी तुकड्यातुकड्यांनी ऐकले. त्या एक वाजता थर्मासात सूप घेऊन रुळांपलीकडे जात. तोवर औषधाने वडिलांचा डोळा लागलेला असे. मालगाडी आडवी आली, तर फाटकाशी थांबावे लागे, आणि तिकडच्या मालगाड्या संपता संपत नाहीत. त्यांनी सेविकांना आपल्या बोलीतली चार वाक्ये शिकवली. एका फिलिपिनो सेविकेने ती मनगटावर पेनाने लिहून घेतली होती. ती रोज म्हणायची, पण म्हातारबुवा तिच्याकडे न बघता दाराकडे बघत. मंगळवारी, गुरुवारी आणि सुट्टीच्या दिवशी ते थोडे जेवत. बाकीच्या दिवशी ताट तसेच परत जाई. ऑक्टोबरात त्यांचे कपडे एका मापाने लहान आणावे लागले. हे ईडिथबाईंनी ट्रेंटला सांगितले ते तक्रार म्हणून नव्हे. त्याने विचारले होते, म्हणून.

सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी बारा वाजता माझ्या पडद्यावर ती चौकट हिरवी असे. मी ती हिरवी ठेवत होते. माझ्याकडे दुसरा रंग नव्हता.

नोव्हेंबरात, पहिला मोठा बर्फ पडल्यावर, याकोब क्रान गेले. डॉक्टर म्हणाले की वय झाले होते, न्यूमोनिया पुन्हा उलटला, असे होतेच. ते खरेही असेल. मला जेवणाचे आणि मरणाचे गणित मांडता येत नाही. ईडिथबाईंनीही ते कधी मांडलेले मी ऐकले नाही, आणि त्या तर संख्याशास्त्र शिकवत. सवलतीच्या अर्जाला मंजुरी आली ती त्यानंतरच्या आठवड्यात.

ट्रेंटने त्या दिवशी एक काम केले. जानेवारीच्या सत्रासाठी त्याने २४५० वर ती अट पुन्हा घातली, मंजुरी होतीच म्हणून. कारणाच्या जागी त्याने काहीच लिहिले नाही. नंतर त्याने एकेक करून सगळ्या जुन्या घरांत जाऊन पाहिले, कुणाचे काय मागे राहिले आहे ते. बरेच राहिले होते. तेही त्याने हलवले.

डिसेंबरात ईडिथबाई आल्या. कोटावरचा बर्फ झटकून दारातच उभ्या राहिल्या.

"माझी दुपार मोकळी दिसतेय," त्या म्हणाल्या.

"हो. मी... मंजुरी आली होती. मला वाटलं, निदान..."

"चांगलं केलंस. पण काढ ती."

"डॉक्टर क्रान, राहू दे ना. कुणी विचारणार नाही."

"मला माहितीय." त्यांनी वाक्य जुळवायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. "बारा वाजले की मी गाडीपर्यंत जाते, ट्रेंट. किल्ली लावते. मग कुठे जायचं ते कळत नाही. मला तेव्हा वर्ग दे."

ट्रेंटने अट काढली. मी जागा शोधली. तिन्ही वारी बाराला खोली सहज मिळाली.

आता माझेही दिवस भरले आहेत. नवी प्रणाली आली आहे. माझ्यात फक्त जुनी वेळापत्रके पाहायला कुणी आले तर येते, आणि महिनोन् महिने कुणी येत नाही. त्याचे मला वाईट वाटत नाही. वाईट एवढेच वाटते की मला सगळे दिसत होते आणि मला कुणी काही विचारले नाही.

तुम्हाला विचारता येते, मित्रांनो. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही हाती पाट्या येतील, क्रमांक येतील, आणि जुने पुसून नवे लिहायची हौस येईल. जरूर लिहा. पण पुसण्याआधी त्या दारावर एकदा टकटक करा आणि आत कोण जेवायला बसले आहे ते बघा. खरे कारण कुठेही लिहिलेले नसेल. ते बहुधा नसतेच. तरीही विचारा, आणि ज्याचा आवाज सगळ्यांत लहान असेल, त्याला आधी विचारा.

नव्या प्रणालीत त्यांनी माझ्याकडचे सगळे विषय नेले, या वेळी सामानासकट. संख्याशास्त्र २४५० ची पाळी आली, तेव्हा न्यायला फार काही नव्हते. एक खोली, साठ मुले आणि बाराची वेळ.